‘ट्यूब घे, गेन फुल, मिड शून्य’: मेटल प्रीॲम्पच्या सल्ल्याचा एकेक मुद्दा

मेटल वाजवू पाहणाऱ्या गिटारिस्टला पहिल्याच महिन्यात एक सल्ला मिळतो: ट्यूब असलेलाच प्रीॲम्प घे, गेन पूर्ण फिरव, मिड शून्यावर ने आणि ॲम्पच्या इनपुटला जोडून टाक. (प्रीॲम्प म्हणजे गिटारचा सिग्नल वाढवून त्याला टोन देणारा भाग, ट्यूब म्हणजे काचेचा व्हॉल्व्ह, गेन म्हणजे सिग्नलची वाढ, मिड म्हणजे मधल्या फ्रिक्वेन्सी.) यातला प्रत्येक मुद्दा कुठेतरी, कुणाच्या तरी सेटअपमध्ये थोडाफार खरा असतो. म्हणूनच तो इतका फिरतो आणि इतके पैसे वाया घालवतो.

‘ट्यूबशिवाय मेटल टोन नाही’

1987 चा एडीए एमपी-1, त्यानंतरचा मेसा बूगी ट्रायॲक्सिस, हे ट्यूबवाले रॅक प्रीॲम्प मेटलमध्ये गाजले, यात वाद नाही. पण पँटेरा बँडचा गिटारिस्ट डाइमबॅग डॅरेल याचा धारदार टोन रँडॉलच्या ट्रान्झिस्टर ॲम्पमधून आला. स्टॉकहोमच्या डेथ मेटलची ओळख बनलेला खरखरीत आवाज बॉस एचएम-2 या पेडलचा, आणि त्यात ट्यूब औषधालाही नाही.

दुसरी बाजू बघा. प्रीॲम्पमधली नेहमीची 12एएक्स7 ट्यूब मोठ्या ॲम्पमध्ये चालते तेव्हा तिच्या प्लेटला साधारण 150 ते 250 व्होल्ट मिळतात. काही स्वस्त पेडलांत ती 9 किंवा 12 व्होल्टवरच चालवलेली असते. तिथे बहुतेक क्लिपिंग, म्हणजे सिग्नलची टोकं छाटून डिस्टॉर्शन आणणं, ऑप-ॲम्प चिप आणि डायोड करतात, ट्यूब थोडा रंग देते आणि तिच्यामागचा एलईडी नारिंगी उजेड पाडतो. तेव्हा ‘ट्यूब आहे का’ हे विचारून काही कळत नाही. प्लेटला किती व्होल्ट मिळतात ते विचारा. उत्तर मिळालं नाही तर त्या काचेचे जादा पैसे देऊ नका.

‘गेन जितका जास्त, तितका टोन जड’

सगळ्यात जास्त नुकसान या समजानं होतं. गेन एका मर्यादेपलीकडे गेला की सिग्नल पूर्ण दाबला जातो. पिकचा आघात आणि त्यानंतरचा नाद सारख्याच पातळीवर येतात. वजन आघातातून येतं, आणि नेमका तोच नाहीसा होतो. उरते ती सलग भसभस, हम आणि फ्रेटची खडखड.

घोळ बहुतेकदा गेनच्या आधीच्या बेसमुळे होतो. ड्रॉप सी या खालच्या ट्यूनिंगमधली सर्वात जाड तार सुमारे 65 हर्ट्झवर वाजते. तो जाड भाग क्लिपिंगमध्ये शिरला की बाकी सगळ्या स्वरांना सोबत ओढतो आणि पाम म्यूट, म्हणजे तळहातानं तार दाबून वाजवलेले घाव, फुगतात. म्हणून नियम असा: बेस डिस्टॉर्शनच्या आधी कापायचा, हवा तेवढा नंतर परत द्यायचा.

त्यासाठी हाय-गेन प्रीॲम्पच्या पुढे ट्यूब स्क्रीमर जातीचं ओव्हरड्राइव्ह पेडल लावतात. ड्राइव्ह शून्यावर, लेव्हल पूर्ण, टोन मध्यावर. सुमारे 720 हर्ट्झच्या खालचा भाग ते कमी उचलतं, त्यामुळे प्रीॲम्पमध्ये शिरणारा सिग्नल आटोपशीर होतो. मग प्रीॲम्पचा गेन 4 ते 6 पुरतो. मेसाच्या मार्क मालिकेच्या ॲम्पमध्ये हेच आत बांधलेलं आहे: बेसचा नॉब डिस्टॉर्शनच्या आधी, 80, 240, 750, 2200 आणि 6600 हर्ट्झचा ग्राफिक इक्वलायझर नंतर. जाणकार तिथे बेस 1-2 वर ठेवतात आणि 80 ची पट्टी वर करतात.

तपासायची रीत सोपी आहे. सर्वात जाड तारेवर 180 बीपीएमला पाम म्यूटच्या सोळाव्या मात्रा वाजवा. घाव एकमेकांत मिसळले तर आधी बेस कमी करा, मग गेन. रेकॉर्डिंगमध्ये रिदम दोनदा वाजवून डावी-उजवीकडे टाकणार असाल तर गेन आणखी खाली आणा. दोन ट्रॅक मिळून तो आपोआप वाढल्यासारखा ऐकू येतो.

तरीही हम आणि खरखर येत असेल तर नॉइज गेट, म्हणजे वाजवणं थांबताच आवाज बंद करणारं पेडल, लागेल, पण त्याला कच्चा गिटार सिग्नल ऐकू आला पाहिजे. बॉस एनएस-2 असेल तर गिटार इनपुटला, सेंड प्रीॲम्पच्या इनपुटला, प्रीॲम्पचं आउटपुट रिटर्नला आणि एनएस-2 चं आउटपुट पुढे. गेट नुसताच शेवटी ठेवला तर त्याला स्वर आणि हम यातला फरक कळत नाही आणि लांब स्वरांची शेपटी कापली जाते.

‘मिड शून्यावर न्या’

घरी एकट्यानं वाजवताना हे झकास वाटतं. बँडमध्ये खाली बेस आणि किक ड्रम, वर सिंबल; गिटारला उरते ती मधली जागाच. ती रिकामी केली की गिटार दिसते, ऐकू येत नाही. शिवाय फेंडर-मार्शल पद्धतीच्या पॅसिव्ह टोन सर्किटमध्ये सगळे नॉब 5 वर असतानाही मिड खचलेलेच असतात. शून्यावर नेणं म्हणजे खड्ड्यात आणखी खड्डा.

एचएम-2 चे सगळे नॉब पूर्ण फिरवून जो आवाज निघतो, त्यालाही लोक मिड काढलेला टोन समजतात. प्रत्यक्षात त्या पेडलचा ‘हाय’ नॉब सुमारे 1 किलोहर्ट्झच्या आसपास उचल देतो. ते मिडच आहेत. नको वाटणारा डबडबीत भाग बहुधा 300-400 हर्ट्झच्या आसपास असतो. म्हणून निवडताना मिडची फ्रिक्वेन्सी सरकवता येणारा प्रीॲम्प पाहा.

‘ॲम्पच्या इनपुटला जोडा’

इनपुटला जोडलं की एका प्रीॲम्पच्या डोक्यावर दुसरा प्रीॲम्प बसतो, त्याच्या टोन सर्किटसकट. जॅमरूमच्या ॲम्पमध्ये इफेक्ट्स लूप (ॲम्पच्या प्रीॲम्प आणि पॉवर ॲम्पच्या मधले सेंड-रिटर्न जॅक) असेल तर प्रीॲम्पचं आउटपुट थेट रिटर्नला लावा. लूप समांतर असेल तर मिक्स 100 टक्के करा. लूपच नसेल तर क्लीन चॅनल, बेस आणि ट्रेबल जवळजवळ शून्य, मिड पूर्ण. फेंडर पद्धतीच्या ॲम्पवर सपाट आवाजाच्या जवळ जाणारं हेच सेटिंग. ॲम्पचं स्पीकर आउट मात्र कधीही प्रीॲम्पला किंवा इंटरफेसला जोडू नका, दोन्ही जळू शकतात.

थेट ऑडिओ इंटरफेसमध्ये जाणार असाल तर कॅबिनेट सिम्युलेशन, म्हणजे गिटार स्पीकरची नक्कल, हवंच. 12 इंची गिटार स्पीकर साधारण 5 किलोहर्ट्झच्या वर झपाट्यानं कमी होतो; तो नसेल तर डिस्टॉर्शन कानात टोचतं. हे सिम्युलेशन बंद करायची सोय प्रीॲम्पवर आहे का, हेही बघा, नाहीतर संगणकातला आयआर (रेकॉर्ड केलेल्या स्पीकरची फाइल) आणि पेडलमधला स्पीकर एकावर एक बसून आवाज गुदमरतो.

विजेचं कुणी सांगत नाही. 12एएक्स7 चा फिलामेंट एकटाच 12.6 व्होल्टला 150 मिलिॲम्पिअर, 6.3 व्होल्टला 300 मिलिॲम्पिअर घेतो. पॉवर सप्लायच्या 100 मिलिॲम्पिअरच्या आउटपुटवर असं पेडल चालू झालंच तर आवाज पिचका येईल. अमेरिकेतून कुणी जुना रॅक प्रीॲम्प आणून देत असेल तर मागच्या पट्टीवर 120 व्होल्ट लिहिलंय की आत व्होल्टेज बदलता येतं, ते आधी वाचा. नुसतं 120 असेल तर पुरेशा वॉटचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो. पिनचा ॲडॉप्टर लावून 230 च्या सॉकेटला दिलात तर पहिला फ्यूज जाईल, नशीब वाईट असेल तर पॉवर ट्रान्सफॉर्मर.