त्याच्या खापरपणज्याचं मी काय करू?

गेल्या रविवारी बेळगावच्या वडगावात मित्राच्या माडीवर डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळत बसलो होतो. खाली यंत्रमागांची खडखड, वर आम्ही पाच जण, मधे चटईवर नकाशा, फासे आणि भज्यांचा तेलकट कागद. बाकीचे चौघं म्हणजे पार्टी, एकेक पात्र घेऊन फिरणारी. डीएम मी, म्हणजे गोष्ट, जग आणि त्यातले प्राणी चालवणारा. पार्टीनं नेहमीप्रमाणं मी आठवडाभर राबून तयार केलेला वाडा सोडला आणि दलदलीत शिरली. शिरू देत की! त्यासाठीच तर मॉन्स्टरांचं नवं पुस्तक मागवलंय. दीड महिना बाहेरचा चहा बंद करून घेतलंय, कस्टम ड्युटी वेगळीच. दलदलीतला एक प्राणी काढला. दीड पान माहिती. म्हटलं, जमलं.

नेमकी लाईट गेली. खालचे माग थांबले, एकदम सामसूम, आणि त्या सामसुमीत मी मोबाईलच्या टॉर्चवर वाचतोय: ह्याच्या पूर्वजांचं साम्राज्य, त्या साम्राज्याचं भांडण, कुठल्याशा देवीचा शाप, त्या शापाबद्दल पंडितांत असलेले दोन मतप्रवाह. चौघंही माझ्याकडं बघायलेत. एक म्हणाला, "झोपलंय काय जागं हाय ते?" दुसरा, "बोलतंय काय? कुठल्या भाषेत?" मी पान उलटतोय. नाही. एकटा फिरतो की कळपानं? नाही. काय खातो? नाही. चार वार बसले की पळतो की मरेपर्यंत लढतो? तेही नाही! खापरपणज्याला कुणी दगा दिला ते मात्र नावगावासकट छापलंय.

अरे, सोयरीक करायचीय काय मला त्याच्याशी? कूळ-गोत्र बघत बसू?

ह्यावर एक शहाणा लगेच म्हणतो, मग नुसते आकडे असलेलं पुस्तक घे. घेतो की. आर्मर क्लास, म्हणजे त्याला वार लागणं किती अवघड, ११. हिट पॉइंट, म्हणजे जीव किती, ५९. सोटा बसला तर इजा आठ बाजूंचे दोन फासे अधिक चार. हा २०१४च्या मॉन्स्टर मॅन्युअलमधला, म्हणजे ह्या खेळाच्या प्राण्यांच्या पुस्तकातला ओगर, एक धिप्पाड नरभक्षक. आता नुसत्या एवढ्यावर ओगर चालवून दाखव. तो येणार, सोटा हाणणार, ५९ संपले की आडवा. पुढच्या खोलीत अस्वल, तेही तसंच. फरक काय तर बेरीज-वजाबाकी. किराणा दुकानाची वही आणि हे, सारखंच.

लांबी-आखूडपणाचा प्रश्नच नाही हो. ह्या खेळाच्या जनकांपैकी एक असलेल्या गॅरी गायगॅक्सनं १९७७ साली पहिलं मॉन्स्टर मॅन्युअल काढलं, त्यात कित्येक प्राण्यांना चार-सहा ओळींच्या वर जागा नाही. पण प्रत्येकाच्या डोक्यावर दोन आकडे असायचे. एक, किती जण भेटतात. ऑर्क नावाचे रानटी लढवय्ये, ३० ते ३००! वाचल्याबरोबर कळतं की ही टोळी नव्हे, अख्खं गाव आहे, आणि आपण चौघं आहोत. दुसरा आकडा म्हणजे तो आपल्या बिळात सापडायची शक्यता किती टक्के. मला हा आकडा भयंकर आवडतो. गुहेत शिरलात आणि मालक घरात नाही! मग चोरून काय उचलायचं, आणि उचलताना तो परत आला तर? एका टक्केवारीत आख्खा रविवार निघतो.

किंवा तो काळा ड्रॅगन घ्या, २०१४चाच. त्याच्या बिळाभोवती मैलभर पाणी नासतं, शत्रूनं प्यायलं की थोड्याच वेळात ओकतो. हे वाचून दाखवलं तेव्हा आमच्यातला एक म्हणाला, "म्हणजे बळ्ळारी नाल्यात ड्रॅगन हाय की गा!" हसलो, पण पुढच्या प्रत्येक विहिरीजवळ चौघंही थांबत होते. ड्रॅगन अजून दिसलासुद्धा नव्हता. आणि ह्या पुस्तकवाल्यांचा राक्षस? त्यांनी त्याला वाघाचं तोंड लावलंय, ते सोडून देऊ. पण त्याचे तळहात उलटे असतात. आपल्या हडळीचे पाय उलटे, ह्याचे हात. तो माणसाचं सोंग घेतो, त्यामुळं तेव्हापासून आमची पोरं खेळात भेटेल त्याचे हात बघतात. एका ओळीची कमाई ही.

माझी आजी खानापूर तालुक्यातली. जांबोटीकडच्या रानातला चकवा ती सांगायची. "पायाखालची वाट असली तरी फिरून फिरून त्याच झाडाखाली येतोस. तसं झालं की चालू नको, बस तिथंच. दिस उगवला की सुटतोस." झालं. कुठं, काय करतो, ओळखायचं कसं, सुटायचं कसं. म्हातारीनं चकव्याचा इतिहास सांगितला नाही, हिट पॉइंटही नाही, तरी आजसुद्धा त्या रस्त्याला संध्याकाळी गाडी बंद पडली तर माझी फाटते.

मग ही पुस्तकवाली मंडळी नुसता इतिहासच का लिहितात? एक तर ह्या धंद्यात फ्रीलान्स लेखकांना बऱ्याचदा शब्दागणिक पैसे मिळतात. शापाचे दोन मतप्रवाह तिथून येत असणार. आणि दुसरं, बरेच जण ही पुस्तकं खेळायला घेतच नाहीत, अंथरुणात पडून वाचायला घेतात. वाचा की, कोण नको म्हणतंय! पण साम्राज्य मागच्या पानावर ढकला आणि "बोलतो का" ते वर लिहा. अंधारात पाच माणसं खोळंबलीत इथं.

शेवटी काय केलं? भाषा विचारली होती, घाबरून माझ्या तोंडातून निघालं, "कानडी." प्राणी चिखलातून वर आला आणि म्हणाला, "यार्री नीवु?" म्हणजे, कोण तुम्ही? आमच्यातला बैलहोंगलचा गडी भजं हातात तसंच धरून फासकन हसला आणि सुटला की त्याच्याशी कानडीत बोलत! दहा मिनिटं. बाकीचे तिघं, "काय म्हणतंय, काय म्हणतंय?" लाईट आली, माग सुरू झाले, तरी हे चालूच. जाता जाता ह्यानं त्याला विचारलं, "ऊटा आतेन्री?"

जेवण झालं नाही म्हणाला. आता तो काय खातो ते येत्या रविवारपर्यंत मलाच ठरवायचंय, आणि दीड पान पुन्हा दोनदा वाचून काढलंय, हराम एक शब्द सापडेल तर.