तोंड वासलेला हलवाई आणि शेवेच्या बरण्या

गेले काही आठवडे एक मेसेज आमच्या इंदूरच्या मराठी मंडळींत फिरतोय. मला तो भाच्यानं पाठवला, वर टोमणा जोडून: ‘मामा, आपण हेच करायला हवं होतं.’ मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. मोबाइल गेम चालतो तो आयकॉनवर. त्यात तोंड वासून ओरडणारा चेहरा टाका. रंग जितके भडक तितकं बरं. नाव आणि ‘फ्री’ मोठ्या अक्षरांत लिहा. स्क्रीनशॉट कोणी बघत नाही. खेळात नाही ते चित्रात दाखवलं तरी बिघडत नाही, एकदा डाउनलोड झालं की झालं. आणि हे सगळं एआय पाच मिनिटांत करून देतं.

भाचा नोकरी सांभाळून रात्री गेम बनवतो, चित्रं मी काढतो. आमचा खेळ साधा आहे: नमकीनच्या दुकानात कोणीतरी बरण्यांतल्या शेवा एकमेकींत मिसळून ठेवल्यात, त्या ओतून ओतून परत वेगळ्या करायच्या. जाडी, बारीक, पालक, लसणी. मेसेजमधली निम्मी अक्कल आम्ही आधीच आमच्या खिशातून करून बघितली आहे, म्हणून बोलतो.

ओरडणारा चेहरा हवेतून आलेला नाही, हे आधी मान्य करतो. २०१२ साली आलेल्या ‘क्लॅश ऑफ क्लॅन्स’च्या आयकॉनवर तसा मिशाळ योद्धा होता. खेळ प्रचंड चालला आणि स्टोअरभर तोंडं वासली गेली. पण तो खेळच लुटालुटीचा आणि चढाईचा. तिथे आरोळी म्हणजे आतल्या मालाचा नमुना आहे. २००९चा ‘अँग्री बर्ड्स’ घ्या. त्याच्या लाल पक्ष्याच्या भुवया आठवतात, आरोळी नाही. चेहरा चालतो हे खरं. पण तो त्या खेळातला चेहरा असावा लागतो.

आमच्या पहिल्या आयकॉनवर मीही एक हलवाई काढला होता. झारा उगारलेला, डोळे बटाट्याएवढे. चित्र म्हणून मला अजून आवडतो तो. लोकांनी गेम उतरवलाही. मग अभिप्राय येऊ लागले: ‘मारामारी कधी सुरू होते?’ एकानं तर लिहिलं, दहा लेव्हल झाल्या, दुश्मन कुठाय. त्या बिचाऱ्याची काय चूक? मी त्याला पाटी दाखवली आखाड्याची आणि आत नेऊन बसवलं शेव निवडायला. अशी माणसं दुसऱ्या दिवशी परत येत नाहीत, जाताना एक तारा देऊन जातात, आणि तो तारा आयकॉनच्या शेजारीच दिसणाऱ्या सरासरीत जाऊन बसतो. नंतरच्या आयकॉनवर मी एकच बरणी काढली, तिरकी झालेली, आत तीन थर, वरचा थर ओघळायच्या बेतात. बघणाऱ्याच्या हाताला आपोआप कळतं की इथे काय करायचंय.

भडक रंगांचं उत्तर इंदूरकराला द्यावं लागू नये. अनंत चतुर्दशीच्या रात्री जेल रोडवर उभं राहून आपण मिलच्या झांक्या, म्हणजे चित्ररथ, बघतच मोठे झालो. सगळ्याच झगमगतात. पण घरी येऊन आजीला वर्णन करून सांगता येते ती कुठली? जिच्यात एकच प्रसंग असतो, मधली मूर्ती मोठी असते, हलते, आणि मागचा पडदा काळोखा असतो. बाकीच्या नुसते दिवे. स्टोअरमध्येही तुमचं चित्र एकटं नसतं, शेजारी वीस जण असतात आणि त्या विसांनीही तोच मेसेज वाचलेला असतो. सगळे लाल-पिवळे असतील तर निळसर, शांत बरणी उठून दिसते. माझी चाचणी अशी: शोधयादीचा फोटो घ्यायचा, त्यात आपलं चित्र चिकटवायचं, फोन हातभर लांब धरायचा आणि मग सगळं काळं-पांढरं करून बघायचं. उजेड-अंधाराचा फरक नसेल तर रंग वाचवत नाहीत. लाल-हिरव्यात गल्लत होणारे पुरुष आपल्या ओळखीतही निघतात. आमच्या हिरव्या पालक शेवेला आणि तिखट लाल शेवेला म्हणून मी जाडी वेगळी दिली.

नाव आणि ‘फ्री’चं तर नियमातच बसत नाही. गूगल प्लेनं २०२१पासून आयकॉनमध्ये ‘फ्री’, ‘नंबर वन’ असली जाहिरात बंद केली आहे. संगणकावरचे खेळ विकणाऱ्या स्टीमवरही सप्टेंबर २०२२पासून मुख्य चित्रांवर खेळाचं नाव सोडून सवलती, बक्षिसं, परीक्षणातले गुण लिहिता येत नाहीत. नियम बाजूला ठेवू. प्लेला आयकॉन ५१२ बाय ५१२ पिक्सेलचा द्यायचा, ॲपलला १०२४ बाय १०२४चा. बघणारा मात्र तो अंगठ्याच्या नखाएवढा बघतो. तेवढ्यात देवनागरीच्या वेलांट्या आणि जोडाक्षरं यांचं पिठलं होतं. आणि नाव स्टोअर स्वतः शेजारी लिहितंच की.

स्क्रीनशॉट कोणी बघत नाही, हे मात्र निखालस चूक. ॲपलच्या ॲप स्टोअरच्या शोधयादीत, व्हिडिओ नसेल तर, पहिले एक ते तीन स्क्रीनशॉट आयकॉनखालीच दिसतात. माणूस पानावर यायच्या आधीच ते बघतो. प्लेमध्ये मोठ्या चित्रांसह दिसणाऱ्या शिफारशींत खेळाला जागा हवी असेल तर ठरावीक मापाचे किमान तीन स्क्रीनशॉट लागतात. आणि स्क्रीनशॉटवर लिहिलेली ओळ चित्राचा पाचवा हिस्सा ओलांडू नये, असं गूगलच सांगतं. आम्ही पहिल्या खेपेला पहिला स्क्रीनशॉट म्हणून खेळाचं शीर्षकपान टाकलं होतं. आता पहिल्यावर मध्येच थांबलेला डाव आहे, एक चाल उरलेली. बघणाऱ्याला ती चाल दिसते आणि तो मनातल्या मनात खेळूनही टाकतो.

‘नाही ते दाखवा’ म्हणणाऱ्यांनी एक प्रकरण आठवावं. २०२० साली ब्रिटनच्या जाहिरात मानक प्राधिकरणानं ‘होमस्केप्स’ आणि ‘गार्डनस्केप्स’ या मोबाइल खेळांच्या दोन जाहिरातींना मनाई केली, कारण त्यांत दाखवलेला खेळ मुख्य खेळाशी जुळत नव्हता. ॲपलचा नियमही सांगतो की स्क्रीनशॉटमध्ये ॲप वापरात असलेलं दिसावं. आमच्या हलवायानं दंड भरला नाही, पण तारे भरले.

मेसेज ज्यांनी लिहिला त्यांनी मोजून बघितलं असेल, असं वाटत नाही. प्लेच्या विकासकांना चित्रांचे प्रयोग फुकट करता येतात: चालू चित्रासमोर तीनपर्यंत पर्याय ठेवायचे आणि लोकांना वाटून दाखवायचे. किमान आठवडाभर चालू द्यावेत. सोमवारचा बघणारा आणि रविवारचा बघणारा वेगळा. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर बरणी जिंकली की पार्श्वभूमी, हे कळत नाही. आमच्या घरात हा नियम भाच्यानं मोडला आणि भांडण झालं, तो भाग जाऊ दे.

राहिलं एआय. स्टीमवर जानेवारी २०२४पासून असा वापर जाहीर करावा लागतो, आणि तो खेळाच्या पानावर दिसतो. भाच्यानं गुपचूप करून बघितलंच. बरणीला दोन झाकणं आली, आणि शेव अशी की ताटात वाढली तर इंदूरचा माणूस उठून जाईल. शेवया होत्या त्या. मी म्हटलं, दुकानातून पावशेर घेऊन ये, टेबलावर ओत आणि समोर ठेवून काढू. तो अर्धा किलो घेऊन आला. चित्र अजून व्हायचंय, शेव संपली.