सबटायटलवाचक जावई

सासूबाईंचा चष्मा अकोल्यालाच राहिल्यामुळे ‘बेनवेनुती अल सूद’ हा २०१० सालचा इटालियन विनोदी चित्रपट त्यांना मराठीतून सांगण्याची कामगिरी, घरातला सर्वांत मोकळा माणूस या नात्याने, माझ्यावर आली. सबटायटल दोन सेकंदांत पुसले जाते आणि सासूबाईंचा प्रश्न मात्र तीन मिनिटे टिकतो, याची मला तेव्हा कल्पना नव्हती.

कथा तशी सरळ आहे. उत्तरेकडल्या लोम्बार्दीतील उस्माते वेलाते या गावी पोस्टात व्यवस्थापक असलेल्या आल्बेर्तोला बायकोखातर मिलानला बदली हवी असते. त्यासाठी तो अपंगत्वाचे सोंग घेतो, पकडला जातो आणि शिक्षा म्हणून त्याची रवानगी पार दक्षिणेत, नेपल्सच्याही खाली, कास्तेल्लाबाते या गावी होते.

‘‘म्हंजे गडचिरोलीले पाठवलं,’’ सासूबाई म्हणाल्या. मामंजींची उभी हयात सरकारी नोकरीत गेल्याने एवढ्या भागाला अनुवादाची गरजच पडली नाही.

दक्षिणेत गुंड आणि घाण यांखेरीज काही नसते, या खात्रीने आल्बेर्तो बुलेटप्रूफ जाकीट चढवून आणि सामानात उंदरांचा सापळा घेऊन तिथे पोहोचतो. मी मनापासून हसलो. सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी फक्त माझ्याकडे पाहिले.

हा चित्रपट ज्या २००८ च्या फ्रेंच चित्रपटावरून बेतला आहे, त्यात शिक्षेची बदली उत्तरेला होते. इटलीत ती दक्षिणेला वळली. पुण्यात ती पूर्वेला वळते, हे मी अनुवादातून गाळले.

पुढचा भाग फार अवघड गेला. पोस्टमन मात्तियाची बोली खुद्द आल्बेर्तोलाच कळत नाही. ती इंग्रजीत आणि तिथून माझ्या सदाशिवपेठी मराठीत उतरेपर्यंत विनोदाचा पुरता निचरा होत असे. शेवटी मी मात्तियाला वऱ्हाडी बोलायला लावले.

‘‘आमची नक्कल करून राह्यले काय, जवाईबापू?’’ सासूबाईंनी विचारले, आणि वर माझे दोन शब्द सुधारून दिले.

इकडे आल्बेर्तोला गाव आवडू लागले होते. परंतु नवरा दक्षिणेत हाल सोसतो आहे या समजुतीने बायको कधी नव्हे इतकी माया करू लागल्यामुळे त्याने तिला खरे सांगितले नाही, आणि ती प्रत्यक्ष पाहायला आली तेव्हा सहकाऱ्यांनी मिळून गावच भयाण करून दाखवले.

‘‘काहून बापा, खरं सांगाले काय झालं होतं त्याले?’’

या प्रश्नाचे उत्तर देण्याच्या मनःस्थितीत मी नव्हतो. लग्नानंतर पहिल्यांदा अकोल्याला गेलो असताना, आमरसाची तिसरी वाटी हातात धरून, ‘‘आई, सोसतोय कसातरी,’’ असे मी गच्चीतून फोनवर सांगितले होते. त्या गच्चीच्या जिन्यात तेव्हा कोणीतरी पापड वाळत घालायला निघाले होते, हे मला त्या संध्याकाळी कळले. शिवाय भूगोलात ‘खारपाणपट्टा’ हा शब्द वाचलेला असल्याने त्या प्रवासात मी पुण्याहून पाच लिटर पाण्याचा कॅन नेला होता.

‘‘तो कॅन अजून आहे आमच्या घरी,’’ चित्रपट संपल्यावर सासूबाई शांतपणे म्हणाल्या. ‘‘त्यात फल्लीचं तेल ठेवतो आमी.’’