घरच्या माणसाचा रोज

ताईंच्या, म्हणजे माझ्या नणंदेच्या, मोठ्या लेकीने परवा आमच्या मळ्यातली रील टाकली. लिंबाखाली बाज, ताटात आमरस, मागे बैलाची घंटी, आणि खाली 'गावाकडचं निवांत आयुष्य'. रील झकास झालीय, मीही लाईक केली. फक्त त्या बाजेच्या मागे, कॅमेऱ्यात न आलेल्या बाजूला, तिची आई, मी आणि सासूबाई विळे घेऊन कांद्याची पात कापत होतो. बैलाची घंटीसुद्धा मोबाईलमधली. आमच्याकडे बैल विकून सहा वर्षं झाली.

पोरीला दोष देत नाही. तिची सुट्टी आहे. पण नाशिकच्या देवळा तालुक्यात ज्या आठवड्यात लेकी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी येतात, नेमका त्याच आठवड्यात उन्हाळ कांदा काढणीला येऊन माना टाकून बसलेला असतो. भावकीतली लग्नं तेव्हाच. कुरडया-पापड तेव्हाच. वर्षभर गुपचूप बसलेली कामं एकदम उठून उंबऱ्यात येतात.

यंदा कांदा काढायला मजुरांची टोळी वीस माणसांची ठरली होती, आली बारा. बाकीची पलीकडच्या शिवारात गेली, तिकडे उक्तं, म्हणजे ठोक काम, जास्त पैशांत मिळालं. त्यांचंही पोट आहे, त्यामुळे भांडण नाही. उरलेल्या आठ जणांच्या जागी मग घरचे. कांदा उपटून ओळीने असा मांडायचा की एका ओळीची पात दुसऱ्या ओळीच्या कांद्यावर पडेल, नाहीतर उन्हाने चट्टा पडतो. तीन-चार दिवस तसाच सुकू द्यायचा. मग कापताना इंचभर मान ठेवायची. मान आखूड कापली की तो कांदा साठवणीच्या चाळीत सडतो आणि शेजारच्यालाही घेऊन जातो. बारीक गोल्टी वेगळी, जोड वेगळा, फुलाचा दांडा आलेला डेंगळा वेगळा. हे सगळं उकिडवं बसून, डोक्यावर टॉवेल टाकून. ताई 'आराम करायला आले गं' म्हणत आल्या होत्या, दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी स्वतःच विळा मागून घेतला.

मध्येच आखाजी. पितरांची घागर पुजल्याशिवाय आमच्या घरात आंबा कोणी तोंडाला लावत नाही, त्यामुळे पोरं महिनाभर टपून बसलेली. घागर, वर डांगर म्हणजे खरबूज, पुरणपोळी, सांजोऱ्या, रस. चौदा पानं उठली. झोका बांधला, ताई आणि त्यांच्या मैत्रिणींनी गाणी म्हटली. मी दोन ओळी म्हटल्या आणि खरकटं काढायला आत गेले.

कुरडयांचे गहू तीन दिवस भिजत होते, रोज पाणी बदलायचं. ते काही कांद्यासाठी थांबत नाहीत. चौथ्या दिवशी पहाटे चारला चुलीवर चीक घोटायला बसलो. चीक आळायला लागला की लाकडी दांडा दोघींना आवरत नाही, आणि हात थांबला की गाठ झालीच. पोरं वाट्या घेऊन रांगेत, गरम चीक, वर तेल-मीठ. ऊन चढायच्या आत गच्चीवर दोन जुनी नऊवारी भरून कुरडया पडल्या. सासूबाई खुश.

दुपारी तीनला सप्तशृंगगडाच्या बाजूने काळं झालं.

मे 2025 चा पाऊस ज्याने पाहिलाय, त्याला नुसता गार वारा लागला तरी पोटात गोळा येतो. भिजलेला कांदा चाळीत भरला की आतून जातो, आणि महिन्याने वासच सांगतो काय झालंय ते. सगळे ताडपत्र्या घेऊन पळालो. गच्चीवरून सासूबाई अहिराणीत ओरडतायत, 'मन्या कुरडया!', माझ्या कुरडया. कोणी वळून बघितलं नाही. रील काढणारी पोर तेवढी चपला न घालता जिन्यावरून धावली आणि लुगड्यासकट सगळं गोळा करून खाली आली. अर्ध्या मोडल्या. पाऊस दहा मिनिटं आला, धूळ बसवली आणि गेला.

आता माझं म्हणणं. आमचे हे हिशोबाला पक्के. प्रत्येक पिकाला वहीत पान आहे. डिसेंबर 2023 मध्ये कांद्यावर निर्यातबंदी आली, ती 4 मे 2024 ला उठली, उठतानाही 40 टक्के शुल्क लावूनच. त्या हंगामाचं पानही आहे, त्यावर खाली लिहिलंय, 'खर्च निघाला'. मी यंदा ते पान नीट वाचलं. रोप, खत, औषध, डिझेल, टोळी. घरच्या माणसाचा रोज कुठेच नाही. माझा नाही, आईंचा, म्हणजे सासूबाईंचा, नाही, रात्रीच्या लाईटीला पाणी भरायला जाणाऱ्या ह्यांचा स्वतःचाही नाही. मग कसला निघाला खर्च?

सरकार हमीभाव काढताना 'ए2 अधिक एफएल' असा खर्च धरतं. त्यातलं ए2 म्हणजे खिशातून गेलेला खर्च, एफएल म्हणजे घरच्यांची मजुरी. कांद्याला हमीभावच नाही, ही गोष्ट वेगळी. पण दिल्लीच्या कागदावर घरच्या बाईच्या हाताला निदान रकाना आहे आणि आमच्याच घरातल्या वहीत नाही, हे मला पचेना. ज्या घरांत शेतकऱ्याला भाव मिळत नाही म्हणून रोज बोललं जातं, तिथे आधी आपल्या माणसाचा भाव लिहायला काय जातं?

हे म्हणाले, 'घरच्या माणसाचा कसला रोज?'

म्हटलं, 'ट्रॅक्टरही घरचाच आहे, त्याचं डिझेल लिहिता ना?'

काही बोलले नाहीत. वही माझ्याकडे सरकवली आणि गाई बघायला गेले. यंदा आमच्याकडे बाईचा रोज 350. माझे पाच दिवस, 1750. ताईंचे तीन, 1050. आईंचे चार दिवस मी 250 ने धरले, वय झालंय, मध्ये मध्ये उठतात. एकूण 3800. स्वयंपाक, कुरडया, आखाजी यातलं काही धरलं नाही, एकदम सगळं लिहिलं असतं तर वहीच गायब झाली असती.

रात्री अंगणात आईंना वाचून दाखवलं. त्या मोडक्या कुरडया डब्यात भरत होत्या. हात थांबला.

'मना रोज कितला लाया?'

'अडीचशे.'

'काब्र? मी काय कमी कापस का?'

खोडून 350 केले. एकूण 4200.