चिनी चहाचा तो ‘ध्यान’वाला फॉरवर्ड

हा फॉरवर्ड परत फिरायला लागलाय, यावेळी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर. म्हणणं असं की चीनमधे 5000 वर्षांपासून घरोघरी रोज तासभर मौन पाळून चहाचा विधी चालतो, पहिलं पाणी ओतून देतात त्यात कॅफिन आणि फवारणीचं विष निघून जातं, दूध-साखर कधीच घालत नाहीत म्हणून तिकडे कोणी जाड नाही, आणि आपण मात्र चहा उकळून विष पितो. खाली हात जोडलेले इमोजी.

5000 वर्षं कुठून आली तर शेननोंग राजाच्या गरम पाण्यात पान पडलं त्या दंतकथेतून. चहा जुना आहेच, शीआनजवळ इ.स.पू. 141 मधे वारलेल्या हान सम्राट जिंगच्या दफनस्थळात चहाचे अवशेष सापडलेत. पण फॉरवर्डमधल्या फोटोत जी इवली मातीची किटली दिसते ती पद्धत खूप अलीकडची. आठव्या शतकात लू यूने चहावर ग्रंथ लिहिला तेव्हा चहा मीठ टाकून करायचे, आणि हो, उकळूनच! मग सोंग काळात पूड घुसळून प्यायचे. 1391 मधे मिंग सम्राटाने वड्यांच्या चहाचा नजराणा बंद करून सुटी पत्ती मागवली, तिथून पुढे पत्ती भिजवून पिणं रुळत गेलं आणि ही इवल्या किटलीची पद्धत, म्हणजे गोंगफू, त्याच्याही नंतरची.

आता ‘घरोघरी’ आणि ‘मौन’, इथे मला खरं हसू आलं. गोंगफू चहा हा मुळात दक्षिणेकडचा, ग्वांगडोंगमधला चाओचौ-शानतौचा पट्टा आणि शेजारचं दक्षिण फूजियान. हांगचौला लोंगजिंग या ग्रीन टीची पत्ती सरळ काचेच्या ग्लासात टाकून वर गरम पाणी ओततात, चेंगदूत बागेतल्या बांबूच्या खुर्च्यांवर झाकणाच्या कपातून चहा पीत पत्ते कुटत बसतात, आणि देशभरात ड्रायव्हरपासून साहेबापर्यंत सगळे थर्मासमधे पत्ती टाकून दिवसभर तीच पाणी घालून घालून पितात. ट्रेनमधे उकळत्या पाण्याची सोय असते ती काय उगाच?

बरं, चाओचौत तरी मौन असतं का? अजिबात नाही. दुकानाच्या काउंटरवरच चहाचा ट्रे मांडलेला असतो, गिऱ्हाईक आलं की भाव बोलता बोलता चहा, म्हणजे आपल्याकडे ‘बसा, कटिंग मागवतो’ म्हणतात तसंच. किटली मुठीएवढी, त्यात ऊलोंगची (ग्रीन टी आणि काळ्या चहाच्या मधला प्रकार) पत्ती ठासून भरायची, आणि काही सेकंदांतच ओतायचं. कप बहुतेक तीनच, माणसं पाच असली तरी तीनच, मग तुम्ही घ्या तुम्ही घ्या करत आळीपाळीने प्यायचं आणि मधे कप उकळत्या पाण्याने विसळायचे. ओततानाही एक कप भरून दुसरा असं नाही, किटली तिन्ही कपांवरून गोल गोल फिरवतात, कारण सुरुवातीचा चहा फिका आणि शेवटचा कडक, सगळ्यांना सारखा मिळायला हवा. याला म्हणतात ‘ग्वान गोंग शहरात गस्त घालतोय’, आणि शेवटचे थेंब एकेका कपात टिपतात त्याला ‘हान शिन सैनिक मोजतोय’. दोघंही जुने सेनापती. ध्यानबिन काही नाही हो, गप्पांचा अड्डा आहे तो.

पहिलं पाणी: ते ओततात हे खरं, पण गोळी केलेली किंवा वडीची पत्ती जरा सुटावी, धूळ जावी, भांडं तापावं म्हणून. एवढ्या सेकंदांत कॅफिन थोडंसंच उतरतं आणि बरीचशी कीटकनाशकं पाण्यात नीट विरघळतच नाहीत. ग्रीन टी तर बरेच जण धूतही नाहीत.

दूध कधीच नाही? इनर मंगोलियात मिठाचा दूधचहा, तिबेटात लोण्याचा. शिवाय मिश्वे नावाच्या एकाच साखळीची 45,000 हून जास्त दुकानं आहेत, बहुतेक चीनमधेच, आणि विकतात काय तर गोड दूधचहा, लिंबू सरबत, आइस्क्रीम. आणि जाड कोणी नाही म्हणे! 2020 च्या चिनी सरकारी अहवालातच निम्म्याहून जास्त प्रौढांचं वजन प्रमाणापेक्षा जास्त निघालं.

राहता राहिलं आपलं ‘विष’. 2016 मधे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने 65 अंशांच्या वरची पेयं अन्ननलिकेच्या कॅन्सरला बहुधा कारणीभूत म्हणून नोंदवली, मग ती कुठल्याही देशाची असोत. आणि हाच चाओचौ-शानतौचा पट्टा त्या कॅन्सरच्या जास्त प्रमाणासाठी ओळखला जातो. एकट्या चहामुळे असं कोणी म्हणत नाही, पण चिनी पद्धत म्हणजे औषधच असं ठोकून देणाऱ्याने निदान एवढं तरी बघायचं होतं.