चुळबुळ खात्याचा कारभार

आमच्या मुक्ताला देवाने सगळं भरभरून दिलंय, फक्त बूड टेकवायची सोय करायची तेवढी राहून गेली. वय वर्षं सात. जेवायला बसली की आधी खुर्चीवर गुडघे, मग एक पाय खाली, मग खुर्ची मागच्या दोन पायांवर, मग वरणभात ताटात आणि बाई सोफ्यामागे. होमवर्क उभ्याने, टीव्ही डोकं खाली पाय वर करून, आणि झोपेत पण हिचं चालूच, रात्री उशीवर ठेवलेलं डोकं सकाळी कुठे सापडेल त्याची गॅरंटी नाही.

घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीत अशा मुलांसाठी सल्ल्यांना तोटा नाही. साखर बंद करा, ब्राह्मी द्या, कराटेला घाला, सगळं लिफ्टमध्येच मिळतं. एकदा मुक्ता लिफ्टच्या दांडीला लटकली होती तर एक काकू आठव्या मजल्यावर म्हणाल्या, 'एडीएचडी आहे हो हे, माझ्या जावेच्या भाच्याला सेम,' आणि नवव्यावर उतरून गेल्या, म्हणजे पुढचं काही विचारायची पण सोय नाही. बायकोने रात्रभर गूगल केलं, एडीएचडी म्हणजे लक्ष न टिकण्याचा आणि अति चुळबुळीचा विकार हे शोधून काढलं, मला दोनदा उठवून लक्षणं वाचून दाखवली (त्यातली निम्मी माझीच निघाली) आणि शेवटी आम्ही रीतसर डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी शांतपणे सांगितलं की हे लिफ्टमध्ये ठरत नसतं, लक्षणं निदान सहा महिने टिकलेली लागतात, घर, शाळा अशी किमान दोन ठिकाणी दिसावी लागतात आणि त्याने मुलाचं खरोखर काही अडत असावं लागतं. हिचं काही अडत नाहीये. अडत होतं ते आमचं, पण त्यावर त्यांच्याकडे गोळी नव्हती. म्हणाले, ऑक्युपेशनल थेरपिस्टना एकदा भेटा, त्या खेळ सुचवतील.

थेरपिस्ट मॅडमकडे मुक्ता शिरली ती थेट तिथल्या भल्यामोठ्या बॉलवर. मॅडम तिला खाली उतर वगैरे काही म्हणाल्या नाहीत, आम्हालाच म्हणाल्या, तुम्ही दोघं बसा. मग समजावलं, की चुळबुळ बंद करायच्या मागे लागू नका, तिला काम लावा. डोळे मिटले तरी आपला हात कुठे आहे, किती जोर लागतोय हे आपल्याला कळतं ना, ते स्नायू आणि सांधे कळवत असतात, त्याला प्रोप्रिओसेप्शन म्हणतात, आणि काही मुलांना त्याचा खुराक जास्त लागतो. तेव्हा बसायच्या आधी जोर लावायची कामं द्या. भिंत ढकलायची, अस्वलासारखं चार पायांवर चालायचं, खुर्चीत बसल्या बसल्या सीट दोन्ही हातांनी दाबून बूड वर उचलायचं. खुर्चीच्या पुढच्या पायांना रबरी पट्टा बांधायचा म्हणजे पाय त्याच्याशी खेळत राहतात आणि वरची बाई लिहीत राहते.

हे सगळं घरी येऊन आईला सांगितलं. तिने ऐकून घेतलं, फी किती झाली ते विचारलं आणि म्हणाली, "कणीक मळायला दिली असती तर हेच झालं असतं की रे." आणि तिथल्या तिथे परात घेतली. मुक्ता परातीसमोर मांडी घालून बसली. मांडी! आधी दोन्ही मुठी त्या गोळ्यात घुसल्या, मग कोपरापर्यंत पीठ, मग गुडघ्यांवर उभं राहून सगळ्या अंगाचा भार देऊन दाबणं, गोळा उचलून परातीत आपटणं, आणि तोंडाने चक्क सातचा पाढा, जो त्याआधी कधी सात चोक अठ्ठावीसच्या पुढे सरकला नव्हता, तो सात दाहे सत्तरपर्यंत. पोळ्या जरा चिवट झाल्या पण त्या दिवशी पोरगी दुसरी पोळी संपेपर्यंत खुर्चीवर होती, त्यामुळे कोणाची बोलायची छाती झाली नाही. आईने तर दुसऱ्या दिवसापासून कणकेचं प्रमाणच वाढवलं. आमच्याकडे हल्ली उरलेल्या पोळ्यांचा कुस्करा वारंवार असतो.

अस्वल मात्र चाललं नाही. खालच्या मजल्यावरचे काका सकाळी साडेसहाला बनियनवर वर आले, "रोज पहाटे कपाट कोण सरकवतं?" मुक्ता पुढे होऊन म्हणाली, "काका, कपाट नाही, अस्वल." त्यावर ते काय बोलणार बिचारे.

मधेच माझा भाचा मायेने स्वतःचा जुना फिजेट स्पिनर देऊन गेला, 2017 साली सगळ्या देशातली पोरं जे घेऊन फिरत होती ते. पण स्पिनर फिरायला लागला की डोळे त्याच्यावर, आणि डोळे गेले की कानही गेले. मॅडमचं म्हणणं, वस्तू अशी हवी की जी बघावीच लागत नाही. मग त्यांनी सुचवलं म्हणून टेबलाच्या खालच्या बाजूला वेल्क्रोची पट्टी चिकटवली, बोटं त्या खरखरीत बाजूवर फिरत राहतात. आता अभ्यासाच्या वेळी टेबलाखालून उंदीर लागल्यासारखा आवाज येतो, पण वही भरते.

बाहेरचं प्रकरण वेगळंच. हात धरून सरळ चालणं हा प्रकार मुक्ताला मान्य नाही, आणि शनिवारी संध्याकाळचा राम मारुती रोड म्हणजे मोठ्या माणसालाच सरळ चालता येत नाही. इथे बायकोचं डोकं चाललं. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून ठाण्याला देशातली पहिली पॅसेंजर गाडी आली तिला तीन इंजिनं होती, साहिब, सिंध आणि सुलतान, हे ठाणेकर असल्यामुळे आम्हाला पाठ. तर बायको साहिब, मी सिंध, मुक्ता सुलतान. नियम एकच, इंजिनाने रूळ सोडायचा नाही आणि सिग्नलला थांबायचंच. गंमत म्हणजे थांबते! पण त्या गाडीला 14 डबे होते हे पण मीच शहाणपणाने सांगून बसलो होतो, त्यामुळे सुलतान वाटेत डबे जोडत सुटली. तलावपाळीला पोहोचेस्तोवर आमच्यामागे दोन अनोळखी पोरं आणि त्यातल्या एकाची आजी. गडकरी रंगायतनसमोर मी फुल जोरात 'कूऽऽऽ' करतोय आणि समोर माझी बॉस, नवऱ्यासोबत. मला थांबता येईना कारण सिग्नल हिरवा होता.

सगळ्यात यशस्वी म्हणाल तर आपलं जुनं 'चिमणी भुर्र'. मांडीवर बोट ठेवायचं, उडणाऱ्याचं नाव घेतलं तर उचलायचं, नाहीतर नाही. स्टॅच्यू काय किंवा 'शिवाजी म्हणतो' काय, मॅडमच्या मते या खेळांची खरी मेख न हलण्यात आहे, हात वर जायला निघालेला असतो आणि त्याला आतूनच ब्रेक लावायचा. कोपरखैरण्याला माझी मावशी राहते, तिच्याकडे जाताना ट्रान्स हार्बरच्या गाडीत मुक्ता दरवाजाकडे धावू नये म्हणून हा खेळ सुरू केला. चिमणी भुर्र, पोपट भुर्र, हत्ती भुर्र. दिघा गाव येईपर्यंत समोरच्या सीटवरच्या दोन कॉलेजच्या मुली खेळात. ऐरोलीला चढलेल्या एका मावशींनी भाजीची पिशवी मांडीवरून खाली ठेवून बोट टेकवलं. आणि रबाळे सोडल्यावर मुक्ता म्हणाली, "कोंबडी भुर्र!"

अर्ध्यांची बोटं वर, अर्ध्यांची खाली. झालं. कोंबडी उडते का? मुली म्हणाल्या नाही. मावशी म्हणाल्या आमच्या गावाला कौलावर जाऊन बसते, ती काय जिन्याने जाते? कोणीतरी दरवाजातूनच ओरडलं, "ब्रॉयलर की गावठी ते आधी सांगा." खिडकीतले आजोबा, जे ठाण्यापासून पेपराच्या आड होते, त्यांनी पेपर खाली घेतला, चष्मा काढला, "थोडी उडते," म्हणाले आणि परत पेपर वर. घणसोली कधी गेलं कोणाला कळलं नाही. मुक्ता या सगळ्यात मांडी घालून, पाठ ताठ, हात बांधून बसलेली, कारण निकाल तिने द्यायचा होता. आम्ही कोपरखैरण्याला उतरलो तेव्हा निकाल राखून ठेवलेला होता आणि डब्यात वाद चालूच होता.

आता मागच्या आठवड्यात शाळेत पालकसभा झाली. आमचा नंबर आला तसं मी नेहमीप्रमाणे चेहरा पाडून बसलो, पण बाई म्हणाल्या, "मुक्ता आता बसते हं बऱ्यापैकी." बायकोने मला टेबलाखालून कोपराने ढोसलं. "फक्त एक विचारायचं होतं. मधल्या सुट्टीनंतर ती आधी जाऊन भिंत ढकलते, ते तुम्ही शिकवलंय का?"

बायकोने लगेच प्रोप्रिओसेप्शन सुरू केलं. बाईंनी हात वर केला. "नाही नाही, माझी तक्रार नाहीये. आधी ती एकटी होती, मग बाकावरच्या मैत्रिणी आल्या, आता आख्खा वर्ग रांगेत उभा राहून ढकलतो आणि नंतर माझा गणिताचा तास इतका शांत जातो की मीच काही बोलत नाही. पण पलीकडे चौथीचा वर्ग आहे हो. त्यांनी सोमवारपासून तिकडून ढकलायला सुरुवात केलीय."