थंड टायर, गरम डोकं

कार रेसिंगच्या सिम्युलेटर गेमला परत अपडेट, परत टायर मॉडेल (टायर कसा वागेल याचं गेममधलं गणित) म्हणे ‘सुधारलं’! म्हणजे घासून घासून बसवलेला गाडीचा सेटअप गेला कचऱ्यात. पुढचा अँटी-रोल बार (वळणात गाडी कलू न देणारा दांडा) मऊ केला की गाडी वळते, पण लगेच मागून सटकते. गाडी रस्त्याला दाबून धरणारी मागची विंग वाढवली की हवा अडते, मोंझा ट्रॅकच्या सरळ रस्त्यावर सगळे टाटा करत पुढे. प्रेशर भरायचं थंड टायरचा आकडा बघून, ते दोन लॅपमध्ये तापून वर. तेवढ्यात ढग येतात, ट्रॅक गार, प्रेशर परत खाली. आता काय, पंक्चरवाल्याला शेजारी बसवू? वर ते ज्ञानी: ‘कॅम्बर (चाकाचा तिरपेपणा) पॉइंट दोनने कमी करून बघ ना भाऊ!’ अरे, पॉइंट दोन? मी इथे मोंझाच्या लेस्मो वळणाबाहेरच्या खडीत रुतलोय! आणि पहिला आलेला पठ्ठ्या काय सांगतो? ‘मी तर गेमच्या डिफॉल्ट सेटअपवरच चालवतो.’